शेपटाखालचं चाक

पाच माणसं लागायची. पाच! एक ग्लायडर शेडमधनं धावपट्टीवर न्यायला. बिनइंजिनाचं विमान हाय ते, एका माणसाचं, लांबच लांब पंखांचं. हवेत घारीसारखं, आणि जमिनीवर असलं की आडमुठ्या रेड्यासारखं. दोघं पंखाला, एक नाकाला, दोघं शेपूट उचलून. माण तालुक्यातल्या माळावर पाच माणसं एका टायमाला आणायची कुठनं? निम्मी मुंबईला, निम्मी मेंढरांमागं.

त्यात अनंतकाकांची कंबर धरली. शेपूट उचलतानाच. काका फौजेतनं रिटायर, वय अडुसष्ट. ग्लायडर त्यांचं, माळ त्यांचा, धावपट्टीपण त्यांनीच दगडं वेचून केलेली. काका पलंगावर उताणे पडले आणि पद्माकाकूंनी बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला फोन लावला. काकू म्हणजे त्यांच्या मिसेस. सांगलीला शाळेत गणिताच्या बाई होत्या.

"पंधरा दिवसांनी रविवारी त्यांचा ट्रेलर येतोय," काकू म्हणाल्या. "ग्लायडर जाणार. विषय संपला."

काका पत्र्याकडं बघत राहिले. एवढा मोठा आवाजाचा माणूस, आणि नुसते पत्रे मोजतोय. मला बघवंना. तोंड उघडलं आणि फसलो.

"काकू, दोन माणसांत नेऊन दाखवलं तर?"

काकूंनी चष्म्यावरनं बघितलं. "दोन? शेडमधून धावपट्टीच्या टोकाला, आणि परत शेडमध्ये. शेपूट कुणी हातानं उचलायचं नाही. जमलं तर ट्रेलर रिकामा पाठवीन."

मी विश्वजित. गाव कुंडल, शिक्षण बारावी, तीपण ढकलत. कराडला वाजिदच्या वेल्डिंगच्या दुकानात चार वर्षं उसाच्या ट्रॉल्या बांधतोय. काकांच्या शेडचं दार बसवायला म्हणून एकदा माणात गेलो आणि दर रविवारी जायलाच लागलो. ग्लायडरमधलं जे काय कळतं ते मोबाइलवर व्हिडिओ बघून आणि काकांच्या शिव्या खाऊन.

सोमवारी सकाळी दुकानाच्या फरशीवर खडूनं काढून दाखवलं. शेपटाखाली एक चाक. एका पंखाखाली एक चाक, म्हणजे पंख धरायला माणूस नको. आणि शेपटापासनं काकांच्या जीपपर्यंत एक लांब पाइप. बाहेरच्या देशात लोक एकेकटे नेतात असं.

वाजिदनं मान वाकडी करून बघितलं. "गड्या, ही तर बैलगाडी उलटी जुपलीय."

"व्हय! शेपटाकडनंच ओढायचं. तीच तर गंमत हाय!"

"आणि तुटलं म्हंजे?"

"न्हाई तुटत."

"तू ट्रॉलीचं बी असंच म्हणला हुतास."

पण लागला कामाला. वाजिद बोलतो जास्त आणि राबतो त्याच्या दुप्पट.

मंगळवारी काकांच्या शेडमध्ये जाऊन शेपटाला प्लॅस्टिक गुंडाळून वर फायबरचा कपडा आणि रेझिन लावलं, बाइकचा मडगार्ड करतात तसं. वाळल्यावर मधनं कापलं. दोन टरफलं! शेपटावर अशी बसली, अशी बसली, की मी एकटाच ओरडलो. खाली बिजागरी, वर ट्रॉलीच्या फाळक्याची, म्हणजे मागच्या दाराची, कडी, बुडाला हातगाड्याचं चाक. वजन केलं तर बारा किलो. जरा जास्तच झालं, पण आपल्याला उसाची सवय. पातळ पत्रा हातात घेतला की भ्या वाटतं.

पंखाचं माप घेऊन त्याचा साचा कराडला दुकानात लाकडाचा केला. आत फोम लावला तर तो सरकायला लागला. वाजिदची आई मदिनाबी, आमची चाची, दाराशी उभी राहून बघत होती.

"कशाला रं फोम?"

"पंखाला ओरखडा नको, चाची."

"मग वाकळ घाल की. इमानाला थंडी वाजती व्हय त्या?" स्वतःच हसली. आणि जुन्या लुगड्याच्या चार पदरांची वाकळ साच्याच्या मापानं शिवून दिली, एवढ्या बारीक टाक्यांची, की माळावर नेल्यावर पंख त्यात सरकला आणि बसला. जागचा हलंना!

ट्रेलर यायचा रविवार उजाडला. सकाळी सातला मी आणि वाजिद शेडपाशी. काका कंबरेला पट्टा बांधून उभे. काकू हातात घड्याळ धरून. शेपटाला चाक, पंखाला चाक, पाइप जीपला. वाजिदनं गिअर टाकला. मी मोकळ्या हातानं बाजूनं चालतोय, आणि ग्लायडर आलं की मागनं! गपगुमान! खळग्यातनं, दगडांवरनं, पंख जरासा डुलतोय, चाक फिरतंय. मला पळावं वाटत होतं. कशाला, कुठं, काय म्हाईत न्हाई.

"हात लाव रं!" काका सवयीनं ओरडले.

"लावायचाच न्हाई काका, तीच तर अट हाय!"

धावपट्टीच्या टोकाला पोचलो. काकूंनी घड्याळ बघितलं. "नऊ मिनिटं." आणि हसल्या. काकू हसल्या! मग म्हणाल्या, "थांबा. नवीन वस्तू आहे, तशीच कशी वापरायची?"

आमच्याकडं नवा ट्रॅक्टर असो का मोटर, हार-नारळाशिवाय चाक हलत न्हाई. आमी दोघं येडे, गडबडीत विसरलो होतो. काकूंनी घरातनं ताट आणलं. झेंडूचा हा जाडजूड हार शेपटाच्या चाकाला गुंडाळला, वर नवा टॉवेल घातला, हळदीकुंकू लावलं. वाजिदनं नारळ फोडला. फोटो झाले. काका म्हणाले, "आता एक उड्डाण झालंच पायजे."

"तुमची कंबर?"

"डॉक्टरनं उचलायचं बंद केलंय. बसायचं न्हाई."

सगळे हसलो. काका आत बसले, वरची काच बंद. धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला काकांच्या मदतीला येणारा लालासाहेब विंचवर, म्हणजे जुन्या ट्रकच्या इंजिनावर. तिथनं वायर गुंडाळायची आणि ग्लायडर पतंगासारखं वर खेचायचं. वाजिद फोन कानाला लावून उभा. मी जीपचा पाइप सोडवला, पंखाचं चाक काढून बाजूला ठेवलं, पंख हातात धरून सपाट केला.

वायर ताणली.

ऊन अजून तिरपं होतं. ग्लायडरची सावली पांढऱ्या मातीवर लांब पडलेली. पंखाची सावली, पोटाची, शेपटाची. आणि शेपटाच्या सावलीला पाय होता. गोल पाय.



पंख खाली टाकला. पंख जमिनीला म्हणजे थांबा, हे आमचं ठरलेलं. "थांब! थांब! थांब!" वाजिद फोनमध्ये बोंबलला, "लालासाहेब, सोड! सोड म्हणतोय!" काकांनी आतनं पिवळी मूठ ओढली, वायर खटकन सुटली. ग्लायडर दीड हात पुढं सरकून उभं राहिलं.

काच उघडली. "काय झालं?"

वाजिद धावत माझ्याजवळ आला. त्यालापण शेपूट दिसलं. हळूच म्हणाला, "वायरला पीळ पडला म्हण. मी गुपचूप काढतो. न्हायतर काकू आत्ताच्या आत्ता विकतील."

खरं सांगतो, मनात आलं. एक शब्दाचं काम होतं. काकू लांब होत्या, हारामुळं त्यांना काय दिसलं नव्हतं. पण शेपूट जड झालं की नाक वर जातं आणि ग्लायडर दगडासारखं पडतं, हे मला काकांनीच शिकवलेलं. बारा किलो! माझ्या हातचे बारा किलो! काकांना आज मीच पाडलं असतं.

"चाक शेपटालाच हाय," मी मोठ्यानं म्हणालो. "काढायचं राह्यलं. माझ्याकडनं."

काकू चालत आल्या. हार बाजूला केला. चाक बघितलं.  माळावर मेंढरांच्या घंट्या ऐकू येत होत्या.

"उडालं असतं तर?" त्यांनी काकांना विचारलं.

काकांनी खोटं सांगितलं न्हाई. "मी परत आलो नसतो, पद्मा."

"आणि बसायच्या आधी तुम्ही शेपूट बघितलं नाही?"

"आजपर्यंत शेपटाला काय लावलंच नव्हतं. बघायची सवयच न्हाई."

"तू, विश्वजित?"

"मी फोटोत होतो, काकू."

"आणि हार मी घातला." त्यांनी टॉवेल काढून खांद्यावर टाकला. मग कडी शोधायला लागल्या, सापडंना. मी पुढं झालो तर हात झटकला. "कुठं दाबायचं ते सांग फक्त."

सांगितलं. कडी उघडली, टरफलं उघडली. दोन हातांनी चाक उचलताना वाकल्या. "अरे, एवढं जड? यात ऊस भरणार होतास का?"

वाजिद फसकन हसला. 

काकूंनी ते चाक प्लॅस्टिकच्या खुर्चीपर्यंत ओढत नेलं. खुर्चीत बसल्या, चाक पुढ्यात घेतलं. "हे माझ्या पायाशी आलं की मी हात वर करणार. माझा हात दिसल्याशिवाय पंख उचलायचा नाही. आज नाही आणि पुढंही नाही. समजलं?"

पुढंही! मी वाजिदकडं बघितलं. वाजिद माझ्याकडं. 

"समजलं का म्हणते!"

"व्हय काकू!"

हात वर गेला. मी पंख उचलला. वायर ताणली, ग्लायडरनं हिसका घेतला, मी पळालो, चार पावलं, सहा पावलं, पंख हातातनं निसटला आणि पुढं माती न्हाई, काय न्हाई, नुसता वारा. वर! सरळ वर! सोडलेली वायर छोट्या छत्रीला लटकत खाली आली आणि काका माळावरच्या गरम हवेत गोल फिरायला लागले. मी आणि वाजिद येड्यासारखे टोप्या फेकत होतो.

तेवढ्यात ट्रेलर आला, टायमाच्या तीन तास आधी. ड्रायव्हर उतरला, शेडमध्ये डोकावला. शेड रिकामी.

"माल किधर है, मॅडम?"

काकूंनी वर बोट केलं. "बसा, चहा घ्या. ते उतरलं की शेडमध्ये जाणार आहे. तुमच्या शेटना मी फोन करते."

काका चाळीस मिनिटांनी उतरले. मी चाक आणायला खुर्चीकडं पळालो तर काकू स्वतः घेऊन निघालेल्या, वाकत, धापा टाकत. शेपटाला त्यांनीच लावलं. मग जीपमध्ये चढल्या. मी पंखाशी. जीपनं असा गचका मारला की पाइप कण्हला.

"पद्मा, क्लच हळू!" काका ओरडले.

"तुम्ही उचलायचं नाही आणि बोलायचंही नाही!" काकू आतनं ओरडल्या, आणि ग्लायडर निघालं.