ठसका लागणारं तेल

“खवट आहे,” मी म्हणाले आणि काळी बाटली टेबलावर लांब सरकवली.

“नीट घे गं वास. घाई करू नकोस.”

“घेतला. कापलेल्या गवतासारखं काहीतरी येतं. जिभेवर कडू लागतं आणि घशात असं बोचतं की डोळ्यांत पाणी आलं माझ्या. तेल खराब झालं की असंच लागतं. तुम्हीच नाही का सांगत आलात सगळ्यांना?”

आमचे हे चष्मा कपाळावर चढवून बाटलीकडे बघत बसले. वर्गात पहिला आलेल्या पोराला कुणी नापास म्हणून सांगितलं, की बापाचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला होता.

आमचे हे एका मोठ्या किराणा दुकानात मालाची पारख करायला आहेत. डबा उघडायचा, नाकाजवळ न्यायचा आणि सांगायचं, हे ठेवा, हे परत पाठवा. कॉफी भाजून किती दिवस झाले, लोणी कशाच्या शेजारी ठेवलं होतं, नव्या मिरीत जुनी मिरी मिसळली आहे का, सगळं नाकाने कळायचं. बाजारात त्यांचं खरं नाव कुणाला माहीत नाही, सगळे नाकशेठ म्हणतात. आमचं लग्न ठरलं तेव्हा मावशीने विचारलं होतं, मुलगा करतो काय? वडील खरं बोलणारे, ते म्हणाले, वास घेतो. मावशी पुढे बरेच दिवस आईशी बोलत नव्हती.

गेल्या थंडीत ह्यांना ताप आला. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. माझ्या लक्षात आलं ते दूध करपलं त्या दिवशी. मी शेजारी गेले होते, परत येताना जिन्यातच वास आला. आत येऊन बघते तर हे शेगडीपासून हातभर अंतरावर बसून निवांत पेपर वाचत होते. मी ओरडायला तोंड उघडलं आणि त्यांनी वर बघितलं तेव्हा मिटलं.

तेव्हापासून आमची झाकली मूठ. दुकानातून पुड्या, बाटल्या पिशवीत घालून हे घरी आणतात, “निवांत बघतो” असं तिथे सांगून. संध्याकाळी मी वास घेते, चाखते आणि काय ते सांगते. सकाळी हे दुकानात जातात, डोळे मिटून डबा नाकाशी धरतात आणि मी सांगितलेलं जसंच्या तसं सांगतात. वर्ष होत आलं तरी कुणाला पत्ता नाही. माझंही नाक काही वाईट नाही, इतकी वर्षं त्या माणसासमोर बसून जेवले आहे. मला तर ह्या चोरट्या नोकरीची मजाच वाटायला लागली होती. त्यांना मात्र वाटत नव्हती.

आता हे इटलीच्या तेलाचं प्रकरण. दुकान हल्ली मालकांची सून चालवते. गिऱ्हाइकं ऑलिव्हचं तेल मागू लागली म्हणून तिने एक नवी फळी रिकामी केली. “सगळी तेलं मांडायला आपण काही प्रदर्शन भरवलेलं नाही,” ती म्हणाली. “एकच ठेवू, पण काकांनी पसंत केलेलं.” फळीवर लावायला तिने पाटीसुद्धा योजून ठेवली होती, ‘नाकशेठची निवड’. तेलाच्या एजंटने तीन बाटल्या दिल्या, हे त्या घरी घेऊन आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर चाखून निकाल द्यायचा होता. निवड चुकली की इतक्या वर्षांची अब्रू गेली, आणि वास येत नाही हे कळलं तर कामच गेलं. दोन्हीकडून मरण.

“ही बघ,” त्यांनी मोठी बाटली पुढे घेतली. पांढरी काच, सोन्यासारखं तेल, वर हसणारा म्हातारा आणि झेंडा. “हिच्यावर ‘प्युअर’ लिहिलंय.”

“मग चांगलंच की. मला हेच आवडलं. वास नाही, कडूपणा नाही, गुपचूप घशाखाली उतरतं.”

“नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. कमअस्सल तेल घेतात, कारखान्यात त्याचा रंग, वास, चव सगळं काढून टाकतात आणि तोंडी लावण्यापुरतं थोडं बरं तेल त्यात घालतात. त्याला म्हणायचं प्युअर.”

“आणि ही ‘लाईट’? वरच्या मजल्यावरच्या वहिनी हीच घेतात, वजन उतरायला.”

“वर्षभर घेऊ देत, काटा हलायचा नाही. लाईट म्हणजे चवीला हलकं. स्निग्धता तेवढीच.” मग त्यांनी तीच बाटली फिरवली. “पुढे काय लिहिलंय? इटलीत भरलेलं. आता मागे वाच, बारीक अक्षरात. फळं तीन-चार देशांतली. म्हणजे इटलीने काय केलं, तर बूच लावलं.”

नाक गेल्यापासून ह्यांनी डोळ्यांना कामाला जुंपलं होतं. मिळेल त्या बाटलीची मागची बाजू आधी वाचायची आणि पुढची नंतर. पुढे लिहितात ती हौस, मागे लिहावं लागतं ते खरं, असं त्यांचं म्हणणं. मालकांच्या सुनेकडून त्यांनी तेलाच्या बाटल्यांवरची लेबलं कशी वाचायची ह्याचं पुस्तक आणलं होतं आणि ते आठवडाभर परीक्षा असल्यासारखे वाचत होते.

“आणि ही काळी,” ते म्हणाले. “ही एक्स्ट्रा व्हर्जिन. ताजी फळं दळायची आणि तेल वेगळं करायचं, बस. तापवणं नाही, रसायन नाही. आम्लता कमीत कमी असेल तरच हे नाव लावता येतं. हा लाल-पिवळा गोल शिक्का दिसतो? म्हणजे फळ पिकलं, दळलं, सगळं इटलीतल्या एकाच ठरलेल्या भागात, आणि ते कुणीतरी तपासलंय. फळं तोडल्याचा हंगामपण दिलाय, ह्याच वर्षीचा. काच काळी, कारण उजेडात तेल लवकर उतरतं. सगळं जिथल्या तिथे आहे. मग खवट कसं असेल?”

“लिहिणाऱ्याचं काय जातं? शिक्का मारल्यावर कुठल्या तरी गोदामात उन्हात पडली असेल.”

कागद खोटं बोलतो, नाक बोलत नाही, हे त्यांनीच जन्मभर ऐकवलं होतं.

“तुम्ही चाखून तर बघा,” मी म्हणाले.

“मी काय चाखणार? मीठ कळतं, साखर कळते. बाकी सगळा ओला पुठ्ठा.” हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. इतके महिने मी भाजीला फोडणी देऊन समोर वाढत होते आणि हे “छान झालीय” म्हणत होते. मला फार वाईट वाटलं.

“तुझ्या नाकाने आजवर दगा दिला नाही,” ते शेवटी म्हणाले. “उद्या प्युअर सांगून टाकतो.”

चमच्यात उरलेलं काळ्या बाटलीतलं तेल मी न्हाणीघराच्या दाराच्या बिजागरीला घातलं. दार महिनाभर करकरत होतं, ते तेवढ्याने गप्प झालं. निदान एवढ्या कामाचं तरी आहे, म्हटलं.

सकाळी हे बाटल्या घेऊन गेले आणि चष्मा आरशाखाली विसरले. नाक आधीच गेलेलं, आता डोळेही घरी. मी हातातलं काम टाकून निघाले.

दुकान अजून उघडायचं होतं. आत गल्ल्याशेजारी मालकांची सून, टाय लावलेला एजंट आणि आमचे हे, असे तिघे उभे होते. समोर कॉफीचे छोटे पेले, प्रत्येकात घोटभर तेल. मी चष्मा त्यांच्या हातात दिला आणि जाते म्हणाले, तर सून म्हणाली, “थांबा ना काकू. काका निकाल देतायत.” मी बिस्किटांच्या फळीला टेकून उभी राहिले.

ह्यांनी प्युअरचा पेला उचलला, डोळे मिटले, नाकाशी धरला. नाटक इतकं झकास की मलाच क्षणभर खरं वाटलं. मग घोट घेतला आणि मान डोलावली.

“बघा काका,” एजंट खुश होऊन म्हणाला, “कसं सुळकन उतरतं. घरातलं लहान पोरसुद्धा नाव ठेवणार नाही. आमचं सगळ्यात खपणारं तेल आहे हे.”

लाईटचंही तेच झालं. आता ह्यांनी सरळ प्युअर म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, एवढंच बाकी होतं. पण तिसरा पेला समोर होता आणि त्याला हात न लावता निकाल दिला असता तर बरं दिसलं नसतं. त्यांनी तो उचलला, नाकाशी धरला आणि प्यायले.

आणि त्यांना ठसका लागला. साधासुधा नाही. चेहरा लाल झाला, चष्मा घसरला, टेबल धरून ते खोकत राहिले. मी पाणी घेऊन धावले. मी रात्री सांगितलं होतं तेच झालं होतं, म्हणून मी त्यांच्याकडे बघून हळूच मान हलवली, नको.

त्यांनी माझ्या हातातलं पाणी बाजूला केलं. पेला परत उचलला आणि उरलेलं तेल प्यायले. पुन्हा ठसका. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हसू. मी ह्या माणसाला वर्षभर असं हसताना पाहिलं नव्हतं.

“हे,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “हे लागलं मला.”

“तसं कडकच आहे ते,” एजंट म्हणाला. “लोक परत आणून देतात, घशाला लागतं म्हणून.”

“लागायलाच हवं,” मालकांची सून म्हणाली. “मी वाचलंय. ताजं, चांगलं तेल कडू असतं आणि घशात तिखट लागतं. तो त्याचा गुण आहे. जुनं झालं की तोच आधी जातो. काका, मला वाटलंच होतं तुम्ही हे ओळखाल.” तिने पाटी आणि पेन पुढे ओढलं. “आता वासाचं सांगा. पाटीवर खाली लिहायचंय, वास कशासारखा ते.”

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मला सगळं आठवत होतं, कापलेलं गवत. मी ओठ हलवून सांगायला गेले. त्यांना दिसलं. चष्मा तर डोळ्यांवर होताच. पण त्यांनी माझ्यावरची नजर काढली आणि पेला खाली ठेवला.

“ताई, मला वास येत नाही,” ते म्हणाले. “तापानंतर गेला. आता येईल असंही वाटत नाही. घशाला लागलं ते मात्र खरं लागलं.”

मालकांच्या सुनेने पेन खाली ठेवलं.

“मग वर्षभर?” सुनेने विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे बोट केलं.

“कॉफीसुद्धा?”

“कॉफी, लोणी, सगळं.”

“आणि ते चीज परत पाठवलं, ते?”

“ते मी,” मी म्हणाले. तोंड लपवायला बिस्किटांच्या फळीत जागा नव्हती. “पण हे तेल मी खवट म्हणून सांगितलं होतं. बिजागरीला घातलं घरी.”

आधी एजंटला हसू फुटलं, मग सुनेला. ती डोळे पुसत खुर्चीत बसली. मग गंभीर झाली. “काका, मला आधी सांगायचं होतं तुम्ही.”

“धीर झाला नाही. नाकाशिवाय इथे माझं काय काम, असं वाटलं.”

“मागची अक्षरं वाचायचं,” ती म्हणाली. “आपल्याकडे दुसरं कोण वाचतं? वासाला काकू येतील, आठवड्यातून दोनदा. घरून नको, इथे या, चहा मी पाजते.”

तिने पाटी पुढे घेतली तेव्हा ह्यांनीच हात पुढे केला. “ते नाव काढा ताई. आता ते खोटं होईल.” आपल्या हाताने त्यांनी ‘नाकशेठ’वर रेघ मारली, सरळ, पट्टी लावल्यासारखी. खाली सुनेने लिहिलं, ‘काकांना ठसका लागलेलं तेल’. पहिली बाटली दुपारच्या आत गेली म्हणे. पण त्या दिवसापासून बाजारात हळूहळू त्यांना सगळे काका म्हणायला लागले. जुनं नाव तोंडात आलं तर माणसं मध्येच थांबतात, मला ते ऐकवत नाही.

संध्याकाळी हे उघडलेली काळी बाटली घरी घेऊन आले. पावाचा तुकडा तोडला, त्यावर तेल ओतलं, खाल्लं, खोकले आणि समाधानाने मागे टेकले. मग बाटली माझ्याकडे सरकवली.

“वास कसा आहे, सांग.”

“दुकानासाठी?”

“नाही. मला.”

मी ह्या वेळी घाई केली नाही. “टोमॅटोचं पान चुरडलं की बोटांना येतो ना, तसा,” मी म्हणाले. “हिरवा.”

त्यांनी डोळे मिटले. समोर सूनही नव्हती आणि एजंटही नव्हता.

“जून पान की कोवळं?”

मी पुन्हा बाटली नाकाशी धरली, खूप वेळ.

“कोवळं,” मी म्हणाले.

“हं,” ते म्हणाले, आणि डोळे मिटूनच बसून राहिले.