तीन पावलं

मी शिवेची धोंड बोलतेय. ओल्शिन्का गावची. तीस-पस्तीस घरं, एक तळं, घंटा टांगलेलं एक छोटं देऊळ आणि खाली ओढा. सगळा उतार ओढ्याकडे, म्हणून तिकडची शेतं चिबड. बादशाही मोजणीच्या वेळी मला खाणीतून आणलं, डोक्यावर क्रूस कोरला आणि दोन शेतांच्या मधे पुरलं. खालचं ओलं शेत मातौशच्या घराण्याचं, वरचं कोरडं शेजाऱ्याचं.

शंभर वर्षं मी हलले नाही. बादशहा गेला त्या दिवशी कुणीतरी माझ्यावर बसून बुटातले खडे झटकले. माझ्या बाजूने तेवढाच इतिहास.

मग देवळाच्या जत्रेला, भरदुपारी, गाव भाजलेल्या हंसावर ताव मारत असताना मातौश पहार घेऊन आला. त्याने मला उपटलं आणि तीन पावलं वर, शेजाऱ्याच्या कोरड्या मातीत रोवलं. घाम पुसला, घरी जाऊन जेवला. मला काही वाटलं नाही. वाटून करणार काय?

शेजारी ओरडत राहिला, मातौश शपथा घेत राहिला. मातौशची लेक हेद्विका बापावर जीव टाकायची. शेजाऱ्याचा मुलगा आलोइस एकदा नाचाच्या वेळी तिला "चोराची पोर" म्हणाला. तिने त्याचा दात पाडला.

जर्मन आले, गेले. मग नव्या सरकारची सामुदायिक शेती आली आणि बांध नांगरायचा हुकूम निघाला. ट्रॅक्टरने मला उखडलं, तशी हेद्विका हातगाडी घेऊन धावत आली.

"शेत नेताय, न्या. दगड माझ्या बापाचा आहे."

"ने बाई," ट्रॅक्टरवाला म्हणाला, "उकडून खा."

तिने मला कोबीच्या पिंपात घातलं. चाळीस वर्षं मी खारवलेल्या कोबीवर वजन म्हणून बसले, शहाजिऱ्याच्या वासात. शेत काय, पिंप काय, मला सारखंच.

ते सरकारही गेलं. शेतं ज्याची त्याला परत मिळाली. बांध कुठे होता ते मात्र कुणाला सांगता येईना. हेद्विकाला येत होतं. ओढ्यावरच्या पुलापासून वर बेचाळीस पावलं! सत्तरीच्या त्या बाईने स्वतःहून मोजणीदार बोलावला. जमिनीची हाव नव्हती तिला. बापाच्या नावावरचा डाग गावासमोर पुसायचा होता. मला धुऊन हातगाडीत घातलं आणि शेतावर नेलं.

"आलोइस, कान साफ करून आलास ना?"

"कान साफ आहेत. तू माझ्या उरलेल्या दातांपासून लांब राहा."

मोजणीदाराने जुना नकाशा पसरला, तीन पायांचं यंत्र लावलं. पुलापासून अंतर मोजलं.

"आजी, हद्द एकोणचाळीस पावलांवर येतेय. तुम्ही दाखवलेली जागा यांच्या शेतात पडते."

"परत मोज."

त्याने परत मोजलं. तिने तिसऱ्यांदा मोजायला लावलं. तेच आलं.

आलोइस हसला नाही. टोपी काढून हातात फिरवत राहिला. "जाऊ दे गं. माझ्या बापाने पलीकडच्या बांधावर काय केलं असेल, देव जाणे."

"तुझ्या बापाचं तू बघ. कुदळ आण इकडे."

तिने कुणाला हात लावू दिला नाही. एकटीने खड्डा खणला, मला एकोणचाळिसाव्या पावलावर उभं केलं, भोवती माती दाबली. मग तशीच चिखलाच्या हातांनी गावातल्या बिअरच्या गुत्त्यात शिरली. नंतर इथे येऊन आलोइसच मला सांगत होता. म्हणे, टेबलावर मूठ आपटून ती म्हणाली, "दगड माझ्या बापाने सरकवला होता. आलोइसचा बाप खरं बोलत होता. ऐकलंत? आता प्या."

दोघंही गेली. वारसांनी दोन्ही शेतं एकाच कंपनीला खंडाने दिलीत. माझ्या दोन्ही बाजूंना एकच पिवळी मोहरी. हद्द आता कुणाला लागत नाही.

तरी नांगरवाल्या, माझ्यापाशी आलास की तेवढा फाळ उचल. म्हातारीने इथे ठेवलंय.