सविताला पाठ असलेला पासवर्ड

इंदिरानगरला आर्किटेक्ट साधना मॅडमच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला, तो ऑफिसच्या ड्राइव्हशी जोडायला सोमनाथ आला होता. पूर्वी हे काम त्याची लेक प्रतिभा करायची. बापाने भिंतीवरून वायरी ओढायच्या आणि लेकीने खुर्चीत बसून बाकीचं सगळं, अशी त्यांची वाटणी. पावसाळ्यात डेंग्यूने प्रतिभा गेली. तेव्हापासून सोमनाथ दोघांचं काम करत होता, म्हणजे वायरी नीट ओढत होता आणि बाकीचं देवाच्या भरवशावर सोडत होता.

ऑफिसातले सगळे नकाशे कोपऱ्यातल्या एका काळ्या डब्यात, म्हणजे त्या ड्राइव्हमध्ये, साठवलेले असत आणि प्रत्येक कॉम्प्युटर त्याला जोडलेला असे, तोही प्रतिभाच्याच नावाने. सोमनाथने नाव टाकलं. मग पासवर्ड आला आणि गाडं अडलं. तिची जन्मतारीख चालेना, तिच्या आईचं नाव चालेना.

"डबा रीसेट करा ना," मॅडम म्हणाल्या. "दुसऱ्या नावाने जोडू."

त्याला ते करवेना. रेशनकार्डावरून तिचं नाव त्यानेच कमी केलं होतं, बँकेतूनही. इथे ते अजून रोज कामाला येत होतं.

"पुण्याची नोकरी सोडून धंद्यात राहिली हो पोरगी," तो म्हणाला. हे तो भेटेल त्याला सांगायचा. "स्वतःच्या मर्जीने."

मॅडमना फोन आला, त्या आत गेल्या.

प्रतिभाची एक रीत होती. पासवर्ड कागदावर लिहायचा नाही, ऑफिसातल्या एकाच माणसाकडून पाठ करून घ्यायचा. तो माणूस कधीच साहेब नसे, कारण साहेब विसरतात. इथे तिने सविताला धरलं होतं. सविता ऑफिस उघडायची, चहा करायची. ती मघापासून कपबशा हातात घेऊन दारात उभी होती.

"काका, मला पाठ हाय," ती म्हणाली. "तुम्ही उठा, मी टाकते."

"आणि उद्या मशीन बंद पडलं तर? मला सांग ना."

"मी टाकते म्हटलं ना."

"सविता, पोरीचं आहे ते. बापाला नाही सांगायचं?"

सविताने कपबशा टेबलावर ठेवल्या. "पप्पा मला जाऊ द्या," ती हळूच म्हणाली. "सगळं जोडून. इंग्रजी अक्षरांत."

सोमनाथला आधी वाटलं, तिला घरी जायचंय. मग कळलं, पासवर्डच हा. तो एकेक अक्षर टाकू लागला. मधे एक अक्षर सुटलं. कॉम्प्युटरने चूक म्हणून परत विचारलं. त्याला पुन्हा पहिल्यापासून लिहावं लागलं.

ड्राइव्ह उघडला. नकाशांचे फोल्डर ओळीने दिसू लागले.

"मला का नाही बोलली ती?" त्याने विचारलं.

सविता गप्प राहिली असती तर बरं झालं असतं. पण तिला खोटं बोलता येत नव्हतं.

"मी इचारलं व्हतं, काका. ताई म्हणल्या, पुण्याचं तीनदा बोलले. पप्पा म्हणतात, पुढच्या वर्षी बघू."

तो हेच म्हणाला होता. तिन्ही वेळा, वायर ओढता ओढता, मागे वळूनसुद्धा न बघता.