खटक्याला मदत

“हात काढ,” कंपाउंडर म्हणाला.

डॉक्टरने दचकून वर पाहिलं. समोरच्या खुर्चीत कंपाउंडर नव्हता. तो गेल्या उन्हाळ्यातच गेला होता, याच खुर्चीत, कामाच्या भर वेळेत. आता तिथे त्याची बायको बसायची. ती मान खाली घालून एका पात्यावरचं तेल पुसत होती. तिने तोंडही उघडलं नव्हतं. डॉक्टरने हातातला उघडा चाकू पुन्हा एकदा लाकडी ठोकळ्यावर आपटला. पातं जागचं हललं नाही. त्याने चाकू मिटवला आणि हिरव्या ट्रेमध्ये टाकला. पास.

हा काही खराखुरा डॉक्टर नव्हे. घडीचे चाकू बनवणाऱ्या कारखान्यातला तपासनीस. चाकू कानाशी धरून, डोळे मिटून उघडायचा, जसा काही छातीचे ठोके ऐकतोय, म्हणून पोरांनी ते नाव पाडलं. मग समोर बसणारा दुसरा तपासनीस आपोआपच कंपाउंडर झाला. ‘मी याच्याआधी लागलो, याला काम मी शिकवलं, आणि कंपाउंडर मी?’ असं तो कुरकुरायचा खरा; पण कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर ओ द्यायचा नाही.

काम दिसायला पोरखेळ. या चाकूच्या मुठीची एक बाजू लवचीक पट्टीची असते. पातं पूर्ण उघडलं की ती पट्टी ‘टक्’ करून आत सरकते आणि पात्याच्या बुडाला टेकून बसते. तोच खटका. तो नीट बसला तर पातं उलट मिटत नाही. नुसता कडेवर टेकला तर चाकू उघडा दिसतो, चालतोही, आणि एक दिवस जरा जोर पडला की निसटून धरणाऱ्याच्या बोटांवर मिटतो. म्हणून प्रत्येक चाकू उघडून त्याची पाठ ठोकळ्यावर आपटायची. मिटला तर लाल ट्रे.

यात एकच गोम होती. मूठ आवळून धरली की बोटंच पट्टीला आत दाबतात आणि कच्चा खटकाही पक्का वाटतो. म्हणून चाकू मागच्या टोकाला, अंगठा आणि दोन बोटांत, अगदी सैल धरायचा. “खटका परीक्षेला आलाय,” कंपाउंडर म्हणायचा, “त्याला कॉपी पुरवू नकोस. हात काढ.” नवखा असताना डॉक्टरने हे दोन शब्द इतक्या वेळा ऐकले होते की त्याचे कान किटले होते. आता ते म्हणणारा माणूस नव्हता आणि शब्द मात्र पाठ सोडत नव्हते. ठोकळ्याशी बसला की ऐकू यायचे. घरी चहा पिताना यायचे. एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत आले, आणि न्हाव्याने वस्तरा थांबवून विचारलं होतं, “काय झालं? लागलं का?”

डॉक्टर भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हता. पण मनातून तो घाबरला होता. मेलेला माणूस उगाच बोलत नाही, त्याचं काहीतरी राहून गेलेलं असतं, असं त्याची आजी म्हणायची. काय राहिलं असेल? त्याच्या बायकोला, वहिनींना, त्याच्याच जागी नोकरी लागली होती. काम डॉक्टरनेच शिकवलं होतं, अगदी सख्ख्या बहिणीला शिकवावं तसं. मग आणखी काय हवंय याला?

सकाळी घरी डॉक्टरच्या बायकोने चहा पुढे करता करता आपलं मनगट दाखवलं होतं. त्यावर बोटांचे वळ होते.

“हे बघा. परत झोपेत धरलंत. सोडवता सोडवेना. कुणाशी कुस्ती खेळता हो एवढी?”

“मला काय ठाऊक? झोपलेलो असतो मी.”

“एकदा दाखवून या कुणाला तरी.”

“मीच डॉक्टर आहे,” तो म्हणाला. ती हसली नाही.

त्या दिवशी दुपारी माल जायचा होता. खोकी दाराशी रचून ठेवली होती, डॉक्टरचा शेवटचा ट्रे तेवढा भरायचा होता. कारखान्यात पूर्वीपासूनची एक रीत होती. पाळी संपताना समोरच्याच्या हिरव्या ट्रेमधून मूठभर चाकू उचलायचे आणि आपल्या हाताने पुन्हा आपटायचे. डॉक्टर आणि कंपाउंडर यांच्यात ही रीत म्हणजे रोजची लुटुपुटूची लढाई होती. ज्याच्या ट्रेमधला चाकू मिटेल त्याने दुसऱ्याचा ठोकळा पुसायचा, आणि पुसताना टोमणे खायचे. कंपाउंडर गेल्यावर डॉक्टर वहिनींचे चाकू बघायचा, पण त्याचे कुणी बघत नव्हतं. शिकणाऱ्या बाईने गुरुजींचा पेपर काय तपासायचा! साहेबांनाही ते कधी खटकलं नाही.

आज मात्र वहिनींचे स्वतःचे चाकू लवकर संपले होते. रिकामं बसवेना म्हणून त्यांनी हात लांबवून त्याच्या ट्रेमधला एक चाकू उचलला, उघडला आणि आपटला. पातं फटकन मिटलं.

आपलंच काही चुकलं असं वाटून त्यांनी तो पुन्हा उघडला. पुन्हा मिटला. मग दुसरा घेतला. तो धड होता. तिसरा मिटला. या माणसाने आपल्याला पायावर उभं केलं, त्याला हे कुठल्या तोंडाने सांगायचं? आणि न सांगावं तर खोकी दाराशी उभी. त्यांनी थोडा वेळ पदराशी चाळा केला. मग म्हणाल्या,

“भावजी, एवढा जरा बघता का?”

डॉक्टरने तो चाकू घेतला, आपटला. पातं ढिम्म. “ठणठणीत आहे की.”

वहिनींनी तोच चाकू परत घेऊन आपटला. मिटला.

“तुम्ही वाकडा मारताय, वहिनी.”

“सरळच मारला. बघा, परत मारते.” परत मिटला. “आणखी एक असाच निघाला, भावजी.”

“म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?” डॉक्टरचा आवाज चढला. पलीकडच्या बाकावरच्या दोघांनी माना वळवल्या. “अर्धं आयुष्य गेलं माझं या ठोकळ्यावर. काल आलेल्यांनी मला खटका दाखवायचा?”

वहिनींचे डोळे भरले. पण त्यांनी चाकू खाली ठेवला नाही.

“तसं नाही म्हणत मी. पण कुणाची तरी बोटं जातील ना हो.”

आपण काय बोलून बसलो, याची डॉक्टरला लाज वाटली. त्याने चाकू पुन्हा हातात घेतला, आणि त्याच क्षणी ते आलंच: हात काढ. इतकं स्पष्ट की त्याच्या अंगावर काटा आला. लपवून लपवून तो थकला होता.

“वहिनी,” तो हळू म्हणाला, “हसणार नसाल तर एक सांगतो. तो बोलतो माझ्याशी.”

कोण, असं वहिनींनी विचारलं नाही. “काय म्हणतात?”

“हात काढ, म्हणतो. दुसरं काही नाही. दिवसभर तेच.”

वहिनींनी त्याच्या मुठीकडे बघितलं. चारही बोटं पट्टीवर आवळलेली होती, पेरं पांढरी पडली होती.

“मग काढा ना,” त्या म्हणाल्या.

डॉक्टरने खाली पाहिलं. ती मूठ जणू दुसऱ्याच कुणाची होती. आपण चाकू दोन बोटांत सैल धरलाय, असंच तो इतके दिवस समजत होता. त्याने बोटं उचलली. करंगळी निघाली, पण ठोकळ्यावर आपटायला हात उचलला की चारही बोटं पुन्हा पट्टीवर. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा तेच.

“निघत नाहीत हो,” तो म्हणाला. “त्या दिवसापासून असंच झालंय बहुतेक.”

“कुठल्या दिवसापासून?”

“तो असा समोर बसला होता. चाकू उघडला, आणि तो आपटायच्या ऐवजी माझ्याकडे बघायला लागला. मला वाटलं, टोमणा मारतोय. मग कलला. मी ठोकळ्यावरून वाकून त्याचा हात धरला. माणसं धावत आली, उचलायला लागली. सगळे म्हणतायत सोड, सोड. मला कळत होतं, पण सोडवेना. मला वाटलं, मी धरलंय तोवर तो आहे. शेवटी साहेबांनी माझं एकेक बोट उचलून सोडवला त्याला.”

पलीकडे पॉलिशचं चाक घरघरत होतं.

“मला कुणीच नाही हे सांगितलं,” वहिनी म्हणाल्या. “मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. मला रात्रंदिवस वाटायचं, जाताना यांच्याजवळ कुणी होतं की नाही.” त्यांनी डोळे पुसले. “गार होता का हो हात?”

“नाही. गरम होता. तेलकट, नेहमीसारखा. मी सोडला तेव्हासुद्धा गरमच होता.”

वहिनींनी मान हलवली. मग त्या उठल्या, ठोकळ्याला वळसा घालून त्याच्याजवळ आल्या आणि इकडेतिकडे न बघता त्यांनी त्याच्या मुठीतलं एकेक बोट पट्टीवरून उचललं. आधी करंगळी, मग तिच्याजवळचं. उरलेली दोन बोटं त्यांनी मागच्या टोकाला नेऊन ठेवली. बोटं परत येऊ पाहत होती; त्यांनी ती येऊ दिली नाहीत.

“आता मारा.”

डॉक्टरने आपटला. पातं मिटलं. त्या एवढ्याशा आवाजाने त्याला रडू फुटलं. सगळ्या कारखान्यासमोर, हातात मिटलेला चाकू धरून तो हमसून हमसून रडला, आणि कुणी त्याची थट्टा केली नाही.

तोंड धुऊन तो स्वतःच साहेबांकडे गेला.

“माल थांबवा.”

“का? किती खराब आहेत?”

“ते नाही सांगता यायचं. माझ्या हातून गेलेले सगळे बघावे लागतील. तो गेल्यापासूनचे.”

साहेब खुर्चीतून अर्धवट उठले. “अरे, त्यातले बहुतेक केव्हाच बाहेर गेले! विकले गेले असतील.”

“परत मागवा.”

“काय बोलतोयस तुला कळतंय का? काय सांगू मी लोकांना?”

“सांगा, तपासनिसाचा हात बिघडला होता.”

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. ही बोटं एकदा त्यांनीच सोडवली होती. त्यांनी डोकं धरलं, शिव्या हासडल्या, आणि मग फोन उचलला.

खोकी फोडून सगळा माल वहिनींनी पुन्हा आपटला. बरेचसे चाकू चांगलेच निघाले, लाल ट्रेही बराच भरला. दुकानांतून काही चाकू परत आले. बाकीचे आले नाहीत. ते कुणाच्या ना कुणाच्या खिशात असतील, कुणी दोर कापत असेल, कुणी पेन्सिलीला टोक काढत असेल. तो आवाज आता डॉक्टरला येत नव्हता. त्या न आलेल्या चाकूंचा विचार मात्र यायचा, आणि तो कुणाला सोडवता येण्यासारखा नव्हता.

साहेबांनी त्याला कामावरून काढलं नाही. तपासणीतून उचलून पॅकिंगला बसवलं. काम सोपं होतं. पास झालेला चाकू मिटलेला घ्यायचा, तेलाच्या फडक्यात धरून चोळायचा, कागदात गुंडाळून डबीत ठेवायचा. पहिल्या दिवशी पोरांनी चिडवलं, “काय डॉक्टर, आता मलमपट्टी का?” तोही हसला. समोरच्या बाकावर वहिनी एकट्या चाकू आपटत होत्या, दोन बोटांत, सैल, अगदी कंपाउंडरसारख्या. डॉक्टरने त्यांच्या ट्रेमधला एक चाकू घेतला आणि फडक्यात धरला. बोटं आपोआप आवळली. त्याने ती आवळू दिली. इथे चाकू कितीही घट्ट धरला तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं.