दुपारचा फोन

मोडेमवरचा तिसरा दिवा लुकलुकत होता, थांबत होता, पुन्हा लुकलुकत होता. रेश्मानं काहीच मागवलेलं नव्हतं. तारेतून कोणीतरी आत येऊन काहीतरी उचलून नेत होतं.

कोणीतरी कशाला? सांगलीहून ऋषिराज, तिचा धाकटा दीर. दुपारी फोन वाजला की तो मोडेमनंच घ्यायचा, घरात कोणी उचलायचा नाही, असा नियमच पडला होता.

"रेश्मा, परवा कारखान्यावर गेलतो," सासरे हिंदुराव दारातून म्हणाले. ते निवृत्त सुभेदार. "उसाची गाडी काट्यावर चढली की पडद्यावर आधी आपल्या ऋषिराजचं नाव येतंया! लय भारी."

वजनाचा तो प्रोग्राम रेश्मानं लिहिला होता. मागच्या हंगामात त्यावर ऋषिराजचं नाव दिसलं, तेव्हा तिनं नजरचूक समजून सोडून दिलं. मग घरात भांडण नको म्हणून.

दिवा विझला. तिनं जुन्या संगणकाचा कीबोर्ड पुढे ओढला. फोनची तार आधी त्यात येई, मग तिच्या संगणकाकडे जाई. आतून मागितलेलं तेवढं आत सोडायचं, बाकी अडवायचं, एवढंच त्याचं काम. ऋषिराजनं त्यावर लिनक्स घालताना मात्र सीडीतलं होतं नव्हतं ते सगळं भरलं होतं. "असू दे वहिनी, लागलं तर."

तिनं एकेक काढून टाकायला घेतलं. खेळ गेले. छपाई गेली, प्रिंटर नव्हताच. बाहेरच्यांना फायली देण्याची सोय गेली. ती कळा आपटत होती. रागाच्या भरात इंटरनेटला फोन लावणारा प्रोग्रामही काढला, मग स्वतःवरच चिडून सीडीवरून परत घातला.

"काय मोडाया लागलीस गं?"

"पसारा काढतेय, आबा. पहाऱ्याच्या चौकीत पत्ते, शेगड्या, पाहुणे चालले असते तुम्हाला?"

"कोर्ट मार्शल केलं आसतं!" ते हसले. "पर घरच्या माणसाला पास लागतुय व्हय?"

आलेला फोन आपोआप उचलणारा प्रोग्राम तेवढा राहिला होता. तो काढला. मग ऋषिराजचं खातं.

थोड्या वेळानं फोन वाजला. मोडेम गप्प. घंटी वाजतच राहिली.

"आगं, त्येचाच आसंल. ऱ्हाऊ दे."

रेश्मानं उचलला. पलीकडून यंत्राची कर्कश शीळ आली. तिनं ठेवला. पुन्हा वाजला. या वेळी माणूस होता.

"वहिनी, मशीन फोन उचलत नाही. निम्मीच फाईल आली मगाशी. उद्या कारखान्यात नवा प्रोग्राम दाखवायचाय. तेवढं उघडा की."

"उघड की गं," हिंदुराव म्हणाले, "घरचाच हाय त्यो."

तिनं तिसऱ्या दिव्याकडे पाहिलं. तो विझलेलाच होता.

"नाही भाऊजी," ती म्हणाली, हिंदुरावांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. "प्रोग्राम मी लिहिलाय. उद्या कारखान्यात तो मीच घेऊन येणार. आणि पडद्यावर माझं नाव असेल."