रंग ओला होता

मित्रांनो, घाबरू नका. मी एक जुना टॉर्पेडो आहे खरा, पण सरावाचा. माझ्या डोक्यात स्फोटक दारू कधीच नव्हती; तिथे पाणी भरत. धाव संपली की ते पाणी बाहेर फेकले जाई आणि मी हलका होऊन वर येई. मग एक छोटी लाकडी बोट मला दोर बांधून ओढून आणी.

माझ्या पोटात दाबलेली हवा आणि इंधन असे. त्यावर इंजिन चाले, मागचा पंखा फिरे. आत गरगरणारा एक भोवरा दिशा धरून ठेवी आणि शेपटीचे सुकाणू त्याचे ऐके. माझी धाकटी भावंडे जास्त हुशार. एक बॅटरीवर पळे, पाण्यावर बुडबुड्यांची रेघसुद्धा उठू देत नसे. दुसरे जहाजाच्या आवाजाचा कानोसा घेत जाई. तिसऱ्याच्या मागे लांब तार असे. तिच्यातून माणसे त्याला वाटेतही वळवीत. मला ना कान, ना तार. सुटलो की सुटलो.

माझी देखभाल मिस्त्री करी. बोट चालवी त्याच्या बहिणीचा नवरा. एकदा वरचे साहेब पाहणीला येणार होते, म्हणून मिस्त्रीने मला नवा लाल रंग दिला.

"काय मेव्हणे, नवरदेव सजवलाय की काय?" बोटवाला हसला.

"दाजी, लग्नात तुम्हीसुद्धा एवढे चमकला नव्हता!"

"बरं, सुकाणू हलवून बघू?"

"हात नका लावू! रंग ओला आहे. साहेबांना बघून जाऊ दे."

साहेबांनी कौतुक केले. त्या आनंदात सुकाणू हलवून बघायचे राहूनच गेले. रंग सांध्यात वाळला आणि ते किंचित वळलेलेच अडकले.

दुसऱ्या दिवशी मला सोडले. भोवरा म्हणे सरळ चल; सुकाणू हलेना. मी मोठा फेरा घेत चाललो. समोर ती बोट दिसली. मला थांबायचे होते, मित्रांनो. पण थांबायचे कसे, ते माझ्यात कुणी घातलेच नव्हते.

बोट फुटली. दाजी वाचले, पण त्यांचा एक पाय गेला.

काही दिवसांनी मिस्त्रीची बहीण नवऱ्याचे कपडे न्यायला कारखान्यात आली. जाताना दारात थांबून म्हणाली, "दादा, रंग पुसला असता तर पुन्हा लावता आला असता ना रे?"

मिस्त्री माझ्या शेपटीशी बसून सांध्यातला वाळलेला रंग खरवडू लागला.

मित्रांनो, ज्याला स्वतःहून थांबता येत नाही, त्याला सोडण्याआधी एकदा हात लावून बघत जा.