क्लाइडची टेकवलेली खुर्ची

निम्मं टोनोपा गाव किराणा दुकानाच्या दारात थिजून उभं होतं. हातातलं दूध कोमट झालं तरी कुणी हलेना. दारालगतच्या स्लॉट मशीनसमोर, म्हणजे जुगाराच्या यंत्रासमोर, माझी थोरली बहीण व्हर्ना स्टुलावर बसली होती. तिचा नवरा क्लाइड गेल्या महिन्यात याच मशीनला खुर्ची टेकवून, म्हणजे जागा धरून, बाहेर सिगारेट ओढायला गेला आणि तिथंच कोसळून वारला. खुर्ची अजून तशीच होती. तीन सात एका रेषेत आले की मोठं बक्षीस; पण त्यानंतर व्हर्ना खेळली की दोन सात रेषेवर यायचे आणि तिसरा नेमका वर अडायचा.

"क्लाइड हाक मारतोय, सिस्टर," गावातला धर्मोपदेशक ब्रदर हार्लन डोळे मिटून म्हणाला. त्याची टोपी मात्र पैसे गोळा करत लोकांपुढं फिरत होती. "तिसरा सात येण्याआधी उठलीस, तर तो घरातलं माणूस नेईल. मशीन उघडेल तो जागीच मरेल."

व्हर्नाचं मागचं डायलिसिस चुकलं होतं. आजचं चुकलं तर ती वाचणार नाही, असं नर्सनं मला फोनवर सांगितलं होतं. तिचे पाय सुजले होते, श्वास पुरत नव्हता.

"ऊठ, व्हर्ना. गाडी चालू ठेवलीय."

"घरात नातू आहे माझा. तू जा."

मी हीच मशीनं दुरुस्त करतो. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, तरी किल्ली फिरवताना भीती वाटली, खोटं कशाला बोलू? मशीनचं दार उघडलं. मी मेलो नाही.

"हे बघ. तू बटण दाबतेस त्याच क्षणी ही चिप आकडा काढते. चाकं नुसती निकाल सांगायला फिरतात. साताच्या वाट्याला त्यातला एखादाच आकडा, त्याला लागून असलेल्या रिकाम्या जागांना ढीगभर. म्हणून सात हुकतो, तोही जवळून. आता आलाच असं वाटून माणसानं बसून राहावं, अशी कारखान्यातच आखणी केलेली असते."

"ही सैतानाची भाषा," हार्लन म्हणाला.

"मग शेजारच्यावर दाब, व्हर्ना." त्याच बनावटीचं ते मशीन मी कालच खोक्यातून काढलं होतं. तिनं बसल्या जागेवरून हात लांबवून बटण दाबलं. काही नाही. दाबत राहिली. मग दोन सात आले, आणि तिसरा रेषेच्या वर थांबला.

"क्लाइड इथंही आलाय का गं?" मी विचारलं.

"त्यानं हे मशीन बघितलंसुद्धा नव्हतं," ती म्हणाली आणि रडायला लागली. मग क्लाइडची खुर्ची तिनं स्वतः सरळ केली आणि माझा दंड धरून उठली. हार्लनच्या टोपीकडं कुणी बघितलं नाही.

नातू घरी ठणठणीत आहे. त्या दिवशीचं डायलिसिस वेळेत झालं, व्हर्नाही आहे. जे उघडून बघू नका असं कुणी बजावतं, ते आधी उघडून बघा. भीती वाटली तरी बघा. मलाही वाटली होती.